लंडन, मुंबई, बँकॉक, सिंगापूर : खिशातल्या व्हेपचं काय करायचं

इंग्लंडात राहणारा, रोज व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढणारा माणूस दिवाळीला मुंबईत येतो. आल्यासारखं आई-वडिलांना घेऊन आठवडाभर बँकॉक, क्वालालंपूर, सिंगापूर करतो आणि परत जातो. सुट्टीचा हा आराखडा आता इतका ठरलेला आहे की टूरवाल्यांच्या पाठ झालाय. व्हेपच्या दृष्टीने मात्र याच्याइतका वाईट मार्ग दुसरा सापडणार नाही. निघता तिथे वस्तू कायदेशीर. पोचता तिथे आयातीलाच बंदी. पुढच्या देशात रात्री बाजारात उघड्यावर मिळते, पण खिशात सापडली तर गुन्हा. त्याच्या पुढच्या देशात नुसती जवळ बाळगली तरी दंड. हा मार्ग पुन्हा पुन्हा करून जे हाताला लागलं ते इथे क्रमाने लिहितो आहोत.

सुरुवात भारतापासून, कारण सर्वाधिक गैरसमज आपल्याच घरचे. १८ सप्टेंबर २०१९ ला अध्यादेश आला, डिसेंबरात त्याचा कायदा झाला आणि तो १८ सप्टेंबरपासूनच लागू धरला गेला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवणूक आणि जाहिरात या सगळ्यावर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठवणुकीला वेगळं कलम आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

या यादीत ‘वापर’ हा शब्द नाही, हे लोकांनी बरोब्बर हेरलंय. ‘ओढायला बंदी नाही, विकायला आहे’ हे वाक्य पार्ट्यांमधून इतक्या आत्मविश्वासाने फेकलं जातं की नवखा माणूस निर्धास्त होतो. पण आयात आणि वाहतूक हे दोन्ही शब्द यादीत आहेत, आणि परदेशातून बॅगेत घालून उतरणं म्हणजे आयातच. ती एक नग असो की पेटीभर, वैयक्तिक वापरासाठी अमुक एवढी चालेल अशी सूट कायद्यात ठेवलेलीच नाही. सिगारेटला जशी ठरावीक नगांची मुभा असते तशी इथे शोधू नका.

दुसरी पळवाट निकोटिनची. ‘माझ्यात फक्त फ्लेवर आहे हो’ याचा उपयोग शून्य, कारण कायद्याची व्याख्या ‘निकोटिन असो वा नसो’ असं स्पष्ट म्हणते. तापवलेल्या तंबाखूची यंत्रं, म्हणजे आयकॉस वगैरे, आणि ई-हुक्काही त्याच व्याख्येत येतात. सुट्ट्या भागांचं काय, हा प्रश्न २६ सप्टेंबर २०१९ च्या परकीय व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनेने मिटवला : रिफिल पॉड (लिक्विड, म्हणजे वाफ होणारा द्रव, भरलेली कुपी), अ‍ॅटोमायझर (द्रवाची वाफ करणारा भाग), कार्ट्रिज हे सुटे भागसुद्धा आयातीला बंद. तेव्हा ‘मशीन घरी ठेवलं, फक्त चार पॉड आणलेत’ ही चलाखीही फुकट जाते.

आता निघण्याची तयारी. मशीन घरी ठेवायचं, हे ठरवायला एक मिनिट लागतं. अंमलात आणायला अख्खी संध्याकाळ. अडचण मुख्य मशीनची नसतेच, ते डोळ्यांसमोर असतं. घोटाळा करतात ती उरलीसुरली पिल्लं : थंडीच्या कोटाच्या आतल्या खिशातला जुना पॉड, जीन्सच्या छोट्या नाण्याच्या कप्प्यातली कॉइल (द्रव तापवणारी तार), लॅपटॉपच्या बॅगेत तळाला गेलेली दहा मिलिलिटरची अर्धी बाटली, आणि एखाद्या लग्नात मित्राने हातात दिलेला, संपला म्हणून विसरलेला डिस्पोजेबल, म्हणजे संपला की फेकायचा व्हेप. संपलेला डिस्पोजेबल हाही व्हेपच. क्ष-किरणात बॅटरी, तार आणि नळी असं जे चित्र दिसतं, ते तो भरलेला असो की रिकामा, सारखंच दिसतं.

म्हणून कपडे भरण्याआधी ते उलटे करून झटकायचे आणि बॅगा पूर्ण रिकाम्या करून अस्तरावरून हात फिरवायचा. बायकोची पर्स, मुलांची पाठीवरची बॅग, आईसाठी घेतलेला नवा कोट, सगळं. नवरा-बायको दोघे ओढत असतील तर एकमेकांच्या बॅगा तपासाव्यात. आपली वस्तू आपल्याला दिसत नाही, दुसऱ्याला लगेच दिसते.

घरी ठेवताना मशीन तसंच ड्रॉवरमध्ये टाकू नका. टाकी रिकामी करून कोमट पाण्याने धुवायची, रात्रभर वाळू द्यायची. तीन आठवडे लिक्विड आत राहिलं तर ते काळपट आणि चिकट होतं, झिरपून बॅटरीच्या टोकाशी साचतं. बॅटरी निघणारी असेल तर बाहेर काढून, साधारण निम्मी चार्ज असताना, प्लास्टिकच्या डबीत ठेवायची. पूर्ण भरून ठेवलेली लिथियम बॅटरी पडून पडून लवकर म्हातारी होते, आणि पूर्ण उतरलेली कधी कधी पुन्हा उठतच नाही. जुने डिस्पोजेबल असतील तर ते घरच्या कचऱ्यात टाकायचे नाहीत. कचऱ्याच्या गाडीत दाबले गेले की पेट घेतात. ब्रिटनमध्ये व्हेप विकणाऱ्या दुकानाने जुने परत घ्यायचे असतात, तिथे देऊन यावेत. १ जून २०२५ पासून तिथे डिस्पोजेबलची विक्रीच बंद आहे, पण आधीचे लोकांच्या घरात अजून आहेत.

काहींना विमानतळापर्यंत तरी हवंच असतं. त्यांच्यासाठी एक सोय आहे : पोचवायला येणाऱ्या माणसाच्या हातात गाडीतून उतरतानाच द्यायचं. ‘आत जाऊन शेवटचा झुरका मारतो आणि टाकून देतो’ हा बेत नेहमी फसतो. चेक-इनची रांग लांबते, मूल रडतं, पासपोर्ट सापडत नाही, आणि वस्तू खिशातच राहते.

दुबईमार्गे येणाऱ्यांना दुसरी सोय आहे. अमिरातीत एप्रिल २०१९ पासून विक्री कायदेशीर आहे, त्यामुळे दुबईत दोन दिवस मुक्काम असेल आणि परतीचा रस्ताही तोच असेल, तर तिथल्या नातेवाइकाकडे ठेवून पुढे यायचं. मराठी माणसाचा दुबईत एखादा मावसभाऊ नसतो असं सहसा होत नाही. पण याची दुसरी बाजू अशी की दुबईत नवीन विकतही मिळतं, आणि ‘विमानतळावरच घेतलंय, बिल आहे, सीलबंद आहे’ म्हणून माणूस ते थेट मुंबईत घेऊन उतरतो. बिलाने मालकी सिद्ध होते, आयातीची परवानगी मिळत नाही. उलट ते कधी घेतलं आणि कुठून आणलं याचा कागदच आपण हातात देतो.

दुबईपर्यंत बरोबर नेणार असाल तर विमानातले नियम. ई-सिगारेट चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांनी ती केबिनमध्येच, जवळ ठेवायची असते. कारण साधं आहे. खाली मालाच्या भागात बटण दाबलं जाऊन कॉइल तापली तर कळायला कोणी नाही. विमानात चार्जिंगला लावायची नाही. सुट्ट्या बॅटऱ्या एकेक वेगळ्या डबीत, कारण किल्ल्या आणि नाण्यांशी टोकं भिडली की शॉर्ट सर्किट होतं. क्षमतेची मर्यादा १०० वॉट-तास असते. नेहमीची १८६५० मापाची बॅटरी ३.७ व्होल्ट गुणिले ३ अँपिअर-तास म्हणजे ११ वॉट-तासांच्या आसपास, तेव्हा ती चिंता नाही. लिक्विड शंभर मिलिलिटरच्या नियमात, पारदर्शक पिशवीत. ब्रिटनमधली निकोटिनची बाटली दहा मिलिलिटरपेक्षा मोठी मिळतच नाही, त्यामुळे तिथेही अडत नाही.

अडतं ते गेटवर. विमान भरलेलं असतं, वरचे कप्पे पुरणार नसतात, आणि कर्मचारी चाकांच्या केबिन बॅगांना टॅग लावून खाली पाठवू लागतात. तुमचं मशीन आणि बॅटऱ्या त्याच बॅगेत असतात. त्या क्षणी रांग अडवून, सगळ्यांसमोर बॅग उघडून ते काढावं लागतं. म्हणून ही पिशवी पहिल्यापासून वेगळी, खांद्याच्या छोट्या झोळीत ठेवायची.

गळतीबद्दल एक उलटा सल्ला सर्रास ऐकू येतो : टाकी अर्धी भरा. तो चुकीचा आहे. विमान वर गेलं की केबिनमधला दाब कमी होतो आणि टाकीतली हवा पाव ते एक तृतीयांश पट फुगते. ती फुगलेली हवा लिक्विडला कॉइलमधून बाहेर ढकलते. टाकीत जितकी हवा जास्त तितकी गळती जास्त. दोन मिलिलिटरची टाकी अर्धी भरलेली असेल तर पाच-सहा थेंब सहज बाहेर येतात आणि पिशवीत चिकचिकाट होतो. एक तर पूर्ण रिकामी ठेवा, नाही तर काठोकाठ भरून उभी ठेवा. रिकामी केव्हाही बरी.

मधे विमान बदलायचं असेल तर नकाशावर देश बघून चालत नाही, तिकीट बघावं लागतं. एकच तिकीट असेल, सामान थेट मुंबईपर्यंत लागलेलं असेल आणि तुम्ही इमिग्रेशन न ओलांडता आतल्या आत पुढच्या गेटवर जाणार असाल, तर त्या देशात तुमचा प्रवेश होत नाही. पण स्वस्तात पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली असतील, तर सामान घ्यायला बाहेर यावं लागतं, पुन्हा चेक-इन करावं लागतं, आणि मधल्या देशाच्या कस्टम्ससमोरून जावं लागतं. दोहात असं झालं तर कतारमध्ये ई-सिगारेटवर बंदी आहे. हाँगकाँगमध्ये आयात आणि विक्री ३० एप्रिल २०२२ पासून बंद आहे, आणि २०२५ मध्ये मंजूर झालेल्या दुरुस्तीने ३० एप्रिल २०२६ ही तारीख धरून सार्वजनिक ठिकाणी जवळ बाळगणंही गुन्हा ठरवलं. थोड्या मालासाठी तिथे ३,००० हाँगकाँग डॉलरचा ठरलेला दंड आहे.

आणि एकच तिकीट असूनही गाडी रुळावरून घसरते ती विमान रद्द झालं की. रात्री अकराला कंपनी सांगते, हॉटेल देतो, सकाळी या. सगळे खूश होऊन बसकडे धावतात. बाहेर पडायचं म्हणजे इमिग्रेशन आणि कस्टम्स. तुम्ही ज्या देशात जाणारच नव्हता, त्या देशाचा कायदा झोपेच्या तयारीत असताना लागू होतो. अशा वेळी बाहेर पडण्याआधी, कस्टम्सच्या हिरव्या मार्गात, म्हणजे दाखवण्यासारखं काही नसलेल्यांच्या वाटेत, शिरण्याआधी, कर्मचाऱ्याला सांगून वस्तू सोडून द्यावी. हॉटेलची रात्र त्या मशीनपेक्षा मोलाची असते.

आता मुंबईत उतरल्यावर. समजा सगळं करूनही विमानात लक्षात आलं की कोटाच्या खिशात पॉड आहे. किंवा कोणी सांगितलंच नव्हतं. इमिग्रेशन झालं, पट्ट्यावरून सामान घेतलं, पुढे दोन रस्ते फुटतात : लाल आणि हिरवा. हिरव्यात पाऊल टाकणं म्हणजेच ‘माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही’ असं सांगणं. त्यानंतर बॅग मशीनवर गेली आणि त्यात वस्तू दिसली, तर विसरलो होतो या म्हणण्याला वजन राहत नाही. म्हणून निर्णय त्या फाट्याच्या आधी घ्यायचा. लाल मार्गावर जाऊन, वस्तू हातात धरून सांगायचं : हे चुकून आलंय, मला सोडून द्यायचंय.

सीमाशुल्क कायदा १९६२ मधल्या ७७ व्या कलमात सामानाची घोषणा आहे आणि ८० व्या कलमात एक कमी माहीत असलेली तरतूद आहे. शुल्क लागणारी किंवा आयातीला बंदी असलेली वस्तू प्रवाशाने खरी घोषित केली असेल, तर त्याने विनंती केल्यावर अधिकारी ती अडकवून ठेवू शकतो आणि भारतातून परत जाताना देऊ शकतो. ‘शकतो’ हा शब्द नीट वाचा. तो अधिकाऱ्याचा अधिकार आहे, आपला हक्क नव्हे. शिवाय मिळालेली पावती तीन आठवडे जपायची, परतताना काही तास आधी जायचं, योग्य खिडकी शोधायची, आणि हाती पडलेली वस्तू पुढे विमान कंपनी नेऊ देईल का ते बघायचं. दागिन्यांसाठी, महागड्या कॅमेऱ्यासाठी हे करावं. दोन हजारांच्या व्हेपसाठी कोणी करू नये.

घोषित न करता सापडलं तर वस्तू जप्त होते, पंचनामा होतो, जबाब घेतला जाऊ शकतो. कागदावर सही करण्याआधी नग किती लिहिलेत ते मोजून घ्या. एक मशीन आणि चार पॉड, म्हणजे तेवढंच. तिथे ‘पाच ई-सिगारेटी’ असं लिहिलं गेलं तर अर्थ बदलतो. प्रत मागून घ्या. आवाज चढवू नका, ओळखी काढू नका. बरोबरच्या म्हाताऱ्या माणसांना आधी बाहेर पाठवता येतंय का विचारा. बहुतेक वेळा ताटकळण्याचा खरा त्रास त्यांनाच होतो. नगांची संख्या हाच कळीचा मुद्दा असतो. मित्रांसाठी म्हणून आणलेले दहा डिस्पोजेबल हे वैयक्तिक वापराचे आहेत, हे कोणालाही पटवून देता येत नाही.

गाठीला काही नसताना मुंबईत उतरलात तर चार दिवसांत कोणीतरी सांगतंच, अमक्या टपरीवर मिळतं. मिळतं, खरं आहे. पुण्यात मिळतं, गोव्यातही मिळतं. पण तो विकत घेतलेला नग पुढे बँकॉकच्या विमानात न्यायचा कसा, हा प्रश्न राहतोच. भारतातून निर्यात आणि वाहतूक दोन्ही बंद, आणि सुरक्षा तपासणीत हातातल्या बॅगेत असो की चेक-इनमध्ये, दोन्हीकडे तो अडतो. शिवाय अशा मालात काय भरलंय हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

थायलंड. इथे फसायला होतं, कारण डोळ्यांना दिसतं ते वेगळं आणि कायद्यात आहे ते वेगळं. रस्त्यावरच्या रात्रीच्या बाजारात व्हेप मांडून ठेवलेले असतात, ओढणारे दिसतात. पण आयात २०१४ च्या अखेरीपासून बंद आहे, विक्री २०१५ पासून. बंदी असलेला माल बाळगणाऱ्याला तिथला २०१७ चा सीमाशुल्क कायदा लागतो : पाच वर्षांपर्यंत कैद किंवा शुल्कासह किमतीच्या चौपट दंड. स्वतः आणल्याचं सिद्ध झालं तर कैद दहा वर्षांपर्यंत. प्रत्यक्षात पर्यटकाला तुरुंगात टाकण्यापेक्षा प्रकरण रस्त्यावरच्या नाक्यावर येऊन थांबतं, आणि तिथे पावती नसलेले पैसे मागितले जाण्याचा धोका असतो. जानेवारी २०२३ मध्ये बँकॉकच्या नाक्यावर तैवानच्या एका अभिनेत्रीकडून पोलिसांनी २७,००० बाट उकळल्याचं प्रकरण बरंच गाजलं होतं. कोणी रोख मागितलं तर पोलीस ठाण्यात चला, पावती द्या, असं शांतपणे म्हणायचं. पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५. पण खिशात व्हेप असताना हे म्हणण्याची ताकद किती उरते, ते ज्याचं त्याला ठाऊक.

टूरचा खरा सापळा पुढे आहे. क्वालालंपूरहून सिंगापूरला बसने जायचं, हे आपल्याकडच्या सहलींचं आवडतं जोडकाम. मलेशियात व्हेप राष्ट्रीय पातळीवर नियमांखाली विकता येतात, काही राज्यांनी, जोहोरनेही, विक्री बंद केली आहे. तर क्वालालंपूरच्या मॉलमधून कोणीतरी नग घेतं, चार-पाच तासांच्या बसमध्ये पाठीवरच्या बॅगेत ठेवतं आणि सरळ सिंगापूरच्या सीमेवर, तुआस किंवा वुडलँड्सच्या नाक्यावर उतरतं. बसमधल्या चाळीस जणांना सामानासकट खाली उतरून, रांगेत उभं राहून, बॅगा यंत्रातून घालाव्या लागतात. एकाच्या बॅगेत व्हेप निघालं तर अख्खी बस खोळंबते, आणि बसमध्ये आपलेच काका-मावश्या असतात.

सिंगापूरमध्ये १ फेब्रुवारी २०१८ पासून खरेदी, वापर आणि जवळ बाळगणं, तिन्ही गुन्हा. सुटे भागही त्यात आले. १ सप्टेंबर २०२५ पासून पहिल्यांदा सापडलेल्या प्रौढाला ७०० सिंगापुरी डॉलर, अठराच्या आतल्याला ५००, आणि पुढे पुनर्वसन, खटला असं वाढत जातं. परदेशी पाहुण्यालाही हेच लागू, आणि पुन्हा सापडलात तर देशात परत प्रवेश नाकारला जाऊ शकतो. इतकं कडक होण्याचं कारण धूर नव्हे. तिथे पॉडमध्ये एटोमिडेट हे भुलीचं औषध भरून विकलं जाऊ लागलं. त्याच तारखेपासून एटोमिडेटची गणना अमली पदार्थांत झाली. म्हणजे अनोळखी दुकानातून घेतलेल्या पॉडमध्ये ते निघालं तर विषय दंडाचा राहत नाही. नाक्यावर टाकून देण्याची आणि लाल मार्गावर स्वतःहून सुपूर्द करण्याची सोय असते. तपासणीच्या आधी वापरली तरच तिचा उपयोग.

व्हेप सोडून सिगारेटवर आलेल्यांनी एवढं लक्षात ठेवावं की सिंगापुरात सिगारेटला शुल्कमाफी एकाही नगाला नाही. फोडलेलं पाकीटसुद्धा लाल मार्गावर दाखवून शुल्क भरायचं. आणि आजोबांच्या पानपेटीकडेही बघा : गुटखा, खैनी, जर्दा यांवर तिथे १ ऑगस्ट २०१६ पासून बंदी आहे. तरणाबांड मुलगा व्हेप घरी ठेवून येतो आणि नाक्यावर आजोबा अडकतात, असं व्हायला नको.

बाकीचे देश थोडक्यात. व्हिएतनामने १ जानेवारी २०२५ पासून ई-सिगारेट आणि तापवलेली तंबाखू दोन्हींचं उत्पादन, आयात, साठवणूक आणि वापर बंद केला. मालदीवने आयात १५ नोव्हेंबर २०२४ पासून आणि वापर त्यानंतर महिनाभराने बंद केला. रिसॉर्ट खासगी बेटावर आहे म्हणून सूट नाही. ऑस्ट्रेलियात मात्र प्रवाशाला स्वतःसाठी मोजून मुभा आहे : दोन मशीन, वीस पॉड किंवा तत्सम सुटे भाग, आणि २०० मिलिलिटर लिक्विड. त्या मर्यादेत राहिलं तर तिकडे जाणाऱ्याला घाबरायचं कारण नाही.

आता तीन आठवडे काढायचे कसे. हा भाग लोक सर्वात शेवटी विचारात घेतात, आणि म्हणूनच वर सांगितलेल्या सगळ्या चुका होतात. तलफ आली की माणूस टपरी शोधतो. निघण्याच्या दोन आठवडे आधीपासून निकोटिनचा गम किंवा अंगाला चिकटवायची पट्टी सुरू करून पाहावी, विमानात पहिल्यांदा नको. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिला झुरका लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचा गम, उशिरा लागत असेल तर २ चा, असा साधा ठोकताळा आहे. भारतात २ मिलिग्रॅमचा गम चिठ्ठीशिवाय औषधाच्या दुकानात मिळतो. ४ साठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते.

गम बहुतेक जण चुकीचा खातात आणि ‘काही होत नाही’ म्हणून सोडतात. तो च्युइंगगमसारखा चघळायचा नसतो. हळूहळू चावायचा, झिणझिण्या किंवा तिखट चव आली की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मधे ठेवून द्यायचा. चव ओसरली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचा. असं अर्धा तास. भराभर चावला तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचक्या लागतात, मळमळतं आणि तलफ तशीच राहते. आधीच्या पंधरा मिनिटांत चहा, कॉफी, सरबत नको. तोंड आंबट असलं की निकोटिन शोषलं जात नाही. आपल्याकडे पाहुण्याला दर घरी चहा होतो, तेव्हा हा नियम पाळणं गम चघळण्यापेक्षा कठीण. आणि २ मिलिग्रॅमच्या एका गमातून अंगात जातं ते साधारण निम्मंच, त्यामुळे पहिल्या आठवड्यात दिवसाला आठ-दहा लागले तर दचकू नये. चोवीसच्या वर जायचं नाही. गर्भवती, हृदयविकार असलेले, रक्तदाबाची औषधं घेणारे यांनी डॉक्टरांना विचारूनच.

सिंगापूरला जाताना गमची आणखी एक गंमत. तिथे च्युइंगगमच्या आयातीवर १९९२ पासून बंदी आहे. २००४ पासून औषधी गमला सूट मिळाली, आणि निकोटिनचा गम तिथल्या फार्मसीत मिळतो. तरी सुट्टे गम डबीत भरून नेऊ नका. मूळ पाकिटात, बिलासकट ठेवा. त्यापेक्षा त्या चार दिवसांसाठी पट्टी सोपी. सकाळी आंघोळीनंतर दंडावर किंवा पाठीवर लावायची, रोज जागा बदलायची. दमट हवेत घामाने कडा सुटतात, तेव्हा लावण्याआधी कातडी पूर्ण कोरडी करायची आणि दहा सेकंद तळव्याने दाबून धरायची. रात्री विचित्र स्वप्नं पडू लागली तर झोपताना काढून टाकावी. वापरलेली पट्टी दुमडूनच फेकायची, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. तिच्यात औषध उरलेलं असतं.

त्रास सर्वात जास्त होतो तो पहिल्या दोन-तीन दिवसांत. म्हणजे मुंबईत उतरल्यावर, झोप उलटसुलट झालेली असताना. नरक चतुर्दशीच्या पहाटे कोणी ओरडून उठवलं की चिडचिड होते, ती निकोटिनची असते, आईवर काढू नये. म्हणूनच दोन आठवडे आधी सुरुवात करायला सांगितलं.

परत लंडनला पोचलात आणि गमवरच राहायचं ठरलं तर उत्तम, मशीन दुकानात देऊन टाका. पुन्हा सुरू करणारच असाल तर लगेच ओढायला घेऊ नका. बॅटरीवरचं प्लास्टिकचं वेष्टण फाटलंय का, टोकाशी हिरवट डाग आहे का, ते उजेडात बघा. असेल तर ती वापरायची नाही. पहिलं चार्जिंग झोपण्याआधी नव्हे, जागे असताना, उघड्या टेबलावर. जुनी कॉइल टाकून द्या, नवी घाला, कापसावर लिक्विडचे चार थेंब सोडा, टाकी भरा आणि दहा मिनिटं तशीच राहू द्या. कोरड्या कापसावर बटण दाबलं तर पहिल्याच झुरक्याला जळका वास येतो आणि नवी कॉइल वाया जाते.